शुक्रवारची वेणी

आमच्या घरातल्या बायकांचं कपाळ मोठं. हे मी इतक्या लहानपणापासून ऐकत आले की त्यात तपासून बघण्यासारखं काही असेल असं कधी मनातच आलं नाही. आजीचं मोठं, आईचं मोठं, दोन्ही मावश्यांचं मोठं आणि माझंही मोठं. मोठ्या कपाळाची बाई नशीबवान, असं आई म्हणायची. नशिबाचा पुरावा मागितला की मात्र चिडायची. माझी लेक जन्मली तेव्हा आईनं तिला मांडीवर घेतलं, भुवयांपर्यंत आलेलं तिचं जावळ पाहिलं आणि माझ्या नवऱ्यासमोरच म्हणाली, "कपाळ काही आमचं नाही घेतलं हो हिनं." हल्ली त्याचं कपाळ सरकत सरकत डोक्याच्या मध्यावर पोचलंय, पण त्याच्या नशिबाबद्दल आई अवाक्षर काढत नाही.

कपाळासारखेच आमच्याकडे केसही एकाच वाणाचे, लांब आणि बारीक. बारीक म्हणजे विरळ नव्हे, इथे लोकांची गल्लत होते. डोकं भरलेलं असतं, पण एकेक केस असा की बोटावर घेतला तर आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. असे केस वाढतात हळू आणि मोडतात पटकन. ओले असताना ओढले की मोडले, खरखरीत टॉवेलनं पुसले की मोडले, रबरात अडकले की मोडले. जाड केसांच्या बायका आम्हाला "किती मऊ गं!" म्हणतात आणि निघून जातात. त्यांचं काय जातंय!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणातल्या गावांमधून आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घाणा मी कधी बघितला नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते, मी बँकेत आहे. पण तेल आणि शनिवार, या दोन गोष्टी काही घरातून गेल्या नाहीत. पनवेलला सिनेगॉगच्या मागच्या आळीत माझं बालपण गेलं. शुक्रवारी दुपारपासून त्या आळीत सगळ्या घरांतून एकच वास यायचा, खोबरेल तेलाचा. एकाच बाटलीतलं तेल थोडं शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या, दिव्यात जायचं आणि थोडं आमच्या डोक्यात.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक, धुणं, आंघोळी आणि वेण्या, सगळं उरकायचं. शनिवारी काम नाही. केस विंचरणं हे आईच्या हिशेबी काम होतं, कारण विंचरताना केस तुटतो आणि तोडणं म्हणजे काम. सगळ्याच घरांत इतकं काटेकोर असेल असं नाही, पण आमच्या घरी शनिवारी कंगवा फडताळात जायचा. संध्याकाळी आकाशात तारे दिसले की मगच वेणी सुटायची. म्हणजे शुक्रवारच्या दुपारी घातलेली वेणी शनिवारच्या रात्रीपर्यंत टिकायला हवी. रात्रीची झोप, सकाळचं सिनेगॉग, दुपारची पुन्हा झोप, या सगळ्यातून जाऊन ती जशीच्या तशी राहायला हवी.

म्हणून आई वेणी घट्ट घालायची. घट्ट म्हणजे काय ते तिच्या गुडघ्यांमध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही. आंघोळीनंतरचे ओलसर केस, त्यावर तेल, मग भांग, मग टाळूपासून मागे असे खेचून घेतलेले तीन पेड की माझ्या डोळ्यांचा आकारच बदलायचा. "टिकली पाहिजे," असं ती म्हणायची आणि शेवटचा पीळ देऊन रिबीन बांधायची. मी ओरडले तर डोक्यावर कंगव्याचा एक हलका फटका बसायचा. पण वेणी झाली की ती दोन्ही तळवे माझ्या कपाळावर ठेवून हाताला उरलेलं तेल तिथे पुसायची आणि वाकून बघायची. आठवडाभरात आईनं माझ्याकडे एवढा वेळ बघण्याचा तो एकच प्रसंग असायचा, म्हणून मला तो दुखत असूनही आवडायचा.

आळीतली घरं एकेक करून रिकामी झाली. माणसं इस्राएलला गेली. माझा थोरला भाऊही वहिनीला घेऊन गेला, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. वडील गेल्यावर आईनं आळीतलं घर सोडलं आणि ती पनवेलजवळच करंजाड्याला आमच्या फ्लॅटवर राहायला आली. तोवर तिच्या हातांना कंप सुटला होता. तिच्या केसांचा कंगवा माझ्याकडे आला तो तेव्हापासून. पहिल्या शुक्रवारी ती माझ्यापुढे स्टुलावर बसली आणि म्हणाली, "टिकली पाहिजे हां." मीही तिच्यासारखीच खेचून घातली. तेव्हा मला दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती.

मग एक दिवस तिनं जाहीर केलं की तिला भावाकडे जायचंय, कायमचं. मला राग आला. माझ्याकडे काय कमी पडलं असं विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याकडे काही कमी नाही. पण माझ्या बरोबरीच्या सगळ्या तिकडे आहेत." ते खरं होतं. आळीतल्या तिच्या मैत्रिणी, ज्या उरल्या होत्या त्या, भावाच्या गावातच आसपासच्या इमारतींमध्ये राहत होत्या. इथे शनिवारी सिनेगॉगच्या बायकांच्या बाजूला ती आणि आणखी एकदोघी. ऐंशी ओलांडलेल्या बाईला बोलायला कोणी हवं असतं, आणि मी दिवसभर बँकेत. हे कळत होतं, म्हणूनच मी जास्त भांडले.

त्यातच वहिनीचा फोन आला. वहिनी तिकडे वृद्धांच्या एका संस्थेत काम करते. म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालणं, भरवणं हे तिचं रोजचं काम. ती म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. पण आईंचे केस जरा छोटे करूनच पाठवा. एवढे लांब आणि इतके नाजूक केस, मी ड्युटी करून कधी बघणार? आमच्याकडे आल्या आल्या सगळ्यांचा बॉब करतात, मागे गुंता होऊन जटा होतात हो."

"पाठवा म्हणजे? पार्सल आहे का?" मी म्हणाले.

फोन स्पीकरवर होता, आणि आईचे कान अजून शाबूत आहेत. तिनं माझ्या हातातून फोन घेतला नाही, आवाजही चढवला नाही. बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "माझ्या डोक्याला कात्री लागणार नाही. लागणार असेल तर मी येत नाही."

आता खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. कात्री लावायचा आग्रह वहिनीनं धरला असता तर आई माझ्याकडेच राहिली असती. पण त्या संध्याकाळी मी आईचे केस सोडले, मानेवर पसरले, आणि मला ते पहिल्यांदा नीट दिसले. वर पांढरी विरळ टाळू दिसत होती. कमरेपर्यंत पोचणारे केस मोजकेच उरले होते, बाकीचे वाटेत कुठे कुठे मोडून वेगवेगळ्या उंचीवर थांबले होते. वेणीचा शेंडा तर उंदराच्या शेपटीएवढा. वहिनी बोलली त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. हे केस असेच तिच्या हाती गेले तर ती चार दिवसांत कात्री घेणार, आणि आई चार दिवसांत परत यायचं म्हणणार, आणि परत येणं या वयात इतकं सोपं नसतं. म्हणून मी ठरवलं की जायच्या आधी हे केस असे करायचे की ते दुसऱ्या कुणाच्याही हाती निभावतील. आई जावी असं मला वाटत नव्हतं. पण गेली तर तिच्या केसांसकट जावी.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आईचे केस बोटांत धरून पाहिले, मग कपाळाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आजी, वेणी फार घट्ट घालता का?"

"घट्टच घालायची असते," आई म्हणाली.

"वर्षानुवर्षं मुळं ओढली गेली की पुढचे केस मागे हटतात. बारीक केसांचं तर लवकर होतं."

"आमच्या घराण्याचं कपाळच मोठं आहे," आईनं बजावलं.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग औषध लिहायला घेतलं. रिक्षात मी वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बाईचं कपाळ बघत होते.

घरी हे ऐकल्यावर माझ्या लेकीनं जुने फोटो बाहेर काढले. ती असल्या बाबतीत फार खमकी आहे. एकदा तिच्या डोक्यात आलं की सोडत नाही. तिनं माझा बाळपणीचा फोटो आईपुढे धरला. त्यात माझे केस भुवयांवर आलेले. तिच्या स्वतःच्या बाळपणीच्या फोटोसारखेच, अगदी तसेच. मग शाळेतला फोटो, दोन वेण्यांचा, त्यात कपाळ बोटभर मोठं. मग कॉलेजमधला. "आजी, आईचं कपाळ वाढत गेलंय बघ. कपाळ वाढतं का कधी? आणि माझं का नाही वाढलं? कारण लहानपणी माझा बॉयकट होता. तुमच्या तावडीत मी सापडलेच नाही."

मला हसू आवरेना. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही जे नशीब म्हणून मिरवलं ते दर शुक्रवारी आम्हीच एकमेकींच्या डोक्यातून उपटत आलो होतो! तेही कशासाठी, तर शनिवारी एक केस तुटू नये म्हणून. आई हसली नाही. फोटो हातात घेऊन म्हणाली, "तुझ्या वडिलांनी मला कपाळ बघून पसंत केलं होतं."



पुढचं वर्षभर तिच्या डोक्यावर मी राबले. तिकडची परिस्थिती बिघडल्यामुळे तिकीट दोनदा पुढे ढकलावं लागलं. इतरांना त्याची काळजी वाटत होती, आणि मलाही. पण मला वेळही मिळत होता. करंजाड्याचं पाणी कधी नळाचं, कधी टँकरचं. टँकरच्या पाण्यानं धुतले की तिचे केस वाळलेल्या गवतासारखे व्हायचे, म्हणून मी नळाचं पाणी बादलीत साठवून ठेवायला लागले. टॉवेल बंद केला आणि वडिलांच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडा घेतला, तोही चोळायचा नाही, नुसता दाबायचा. ओल्या केसांना कंगवा लावायचा नाही. तेल अगदी थोडं, कारण बारीक केसाला तेलाचाही भार होतो. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवला. विंचरायला मोठ्या दातांचा लाकडी कंगवा आणला. आणि सुरुवात शेंड्यापासून. आधी खालचं बोटभर सोडवायचं, मग त्याच्या वरचं, आणि जिथे गुंता असेल तिथे त्याच्या वर केस मुठीत धरून ठेवायचे, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोचत नाही. आई टाळूपासून खाली कंगवा ओढणारी. तिला हे उलटं वाटायचं. "घर झाडताना उंबऱ्यापासून आत झाडत येतेस का?" असं तिनं विचारलं.

शेंड्यांना फाटे फुटले होते आणि ते कापल्याशिवाय मोडणं थांबत नव्हतं. पण कात्रीचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटी मी तिच्याशी तिच्याच पद्धतीनं वाद घातला. म्हटलं, "तू काय म्हणाली होतीस? डोक्याला कात्री लागणार नाही. शेंडा कमरेवर आहे. कंबर म्हणजे काही डोकं नाही." तिनं विचार केला. असल्या युक्तिवादाचा ती मनापासून आदर करते. "पार्लरवाली नको, तू काप," ती म्हणाली, आणि मी शेंडे सारखे करत असताना डोळे मिटून बसली.

खरं भांडण मात्र दर शुक्रवारी. "घट्ट घाल." "नाही घालणार, मोडतात." "सुटली तर?" "सुटली तर सुटली." एका शनिवारी ती खरोखरच सिनेगॉगमध्ये सुटली. आई घरी आली ती रागानं लाल होऊन. सगळ्यांच्या देखत केस पाठीवर पसरले म्हणे. सगळ्यांच्या म्हणजे त्या एकदोघींच्या, पण तिच्या लेखी अजून बायकांची बाजू पूर्वीसारखीच भरलेली असते. मग मी टाळूपासून ओढायचं सोडून वेणी मानेपाशी सुरू करायला लागले. पहिले पीळ सैल, खाली जाता जाता जरा आवळून, आणि शेवटी रबराऐवजी मऊ सुती फीत. ती टिकली. आईनं कौतुक केलं नाही, पण तक्रारही बंद झाली.

गळलेला केस आणि मोडलेला केस वेगळा कसा ओळखायचा, ते लेकीनं आम्हाला शिकवलं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असतो, ते त्याचं मूळ. त्याचं आयुष्य संपलेलं असतं, तो जाणारच होता. ठिपका नसेल तर तो अधेमधे मोडला, म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. आईला याचा नादच लागला. शनिवारी रात्री वेणी सोडली की कंगव्यातले केस ती एकेक करून ट्यूबलाइटपुढे धरायची आणि न्यायाधीशासारखी सांगायची, "गळला. गळला. मोडला, हा तुझ्यामुळे." सुरुवातीला सगळे माझ्यामुळे असायचे. हळूहळू गळलेलेच जास्त निघायला लागले.

उरणहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण आहे. आम्हाला कोलंबी-खेकडे चालत नाहीत हे तिला पाठ आहे. तिनं एकदा आईला बाल्कनीत केस मोकळे सोडून बसलेली बघितलं आणि टोपली टेकवता टेकवता म्हणाली, "आजे, तुमचं केस बरं झालं की! आता तुमी नाय जायाचं. तिकरं असं पापलेट कोन देनार हाय तुमाला?" आई खूश झाली. तिच्याकडून नेहमीपेक्षा जास्त मासळी घेतली गेली.

आणि मग कपाळाच्या कडेला नवे केस दिसायला लागले. इवलेसे, पांढरेशुभ्र, उभे राहणारे. या वयात फार येणार नाहीत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि फार आले नाहीतच. पण आले. आई वैतागली. "ही काय पोरकट लव आली?" म्हणत तेलाचं बोट लावून ती दाबून बसवायची. एकदा मात्र मी दारातून पाहिलं, ती आरशासमोर उभी राहून त्या लवेवरून बोटाची पेरं फिरवत होती, अगदी हळू. मी पाऊल न वाजवता मागे फिरले.

भाऊ तिला न्यायला आला. रविवारचं विमान होतं. गुरुवारी घरात मलिदा केला, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि भोवती फळं मांडून, प्रवासाला निघणाऱ्या माणसासाठी आमच्यात करतात तसा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी रजा टाकून आईला स्टुलावर बसवलं. केस वाळले होते, गुंता नव्हता. शेंड्यापासून टाळूपर्यंत कंगवा एकदाही अडकला नाही. वर्षभराचं काम होतं ते, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मी मानेपाशी तीन पेड घेतले.

"आज घट्ट घाल," आई म्हणाली.

"पुन्हा सुरू झालं का तुझं?"

"शनिवारसाठी नाही म्हणत मी." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "तू घातलेली आहे. जेवढे दिवस टिकेल तेवढी टिकू दे."

वर्षभरात जे शिकले, जे तिच्याशी भांडून भांडून तिच्या गळी उतरवलं, ते सगळं मला माहीत होतं. मी पेड सोडले. टाळूपासून पुन्हा घेतले आणि ओढले, ती ओढायची तसे. पिळावर पीळ दिला. ती एकदाही आई गं म्हणाली नाही. मी रडत होते आणि मागे बसले होते ते बरं झालं. फीत बांधून झाल्यावर उरलेलं तेल मी दोन्ही तळव्यांनी तिच्या कपाळावर पुसलं आणि वाकून पुढून बघितलं. तिचे डोळे कानांकडे ओढले गेले होते, आणि ती हसत होती.

ती गेल्यावर फोन रोज व्हायचा. मैत्रिणी भेटायला आल्या, घर उजेडाचं आहे, दूध पातळ आहे, असं सगळं सांगायची. पाठमोरी होऊन दाखव म्हटलं की दाखवायची. वेणी तशीच होती. दोन दिवसांनी तशीच. चार दिवसांनीही तशीच, फक्त भोवती केस सुटून पिंजल्यासारखे झालेले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! माझ्या हातचं काहीतरी अजून तिच्या पाठीवर आहे, असं मी कुकर लावताना, बँकेत जाताना स्वतःशी म्हणायचे.

पुढच्या शुक्रवारी दुपारी वहिनीचा फोन आला. तिकडे सकाळ संपत आली होती. वहिनीनं आज मुद्दाम सुट्टी घेतली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, आई हात लावू देत नाहीत हो. आठवडा झाला. मानेपाशी गाठोडं व्हायला लागलंय. मी रोज बघते हे, अजून दोन-तीन दिवस असंच राहिलं तर कात्रीशिवाय इलाज नाही. आणि मला ते करायचं नाहीये. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी फोन आईसमोर धरायला सांगितला.

"आई, वेणी सोडू दे."

"तू घातलेली आहे."

"मीच घातली ना? मग मीच सोड म्हणते आहे."

ती हळूच वळून बसली, वहिनीकडे पाठ करून. भावानं फोन कपाटाला टेकवून ठेवला. वहिनीनं फीत सोडली. मी इथून सांगत होते, शेंड्यापासून, वर मुठीत धरा, घाई नको, गाठ आली तर तेलाचं बोट लावा. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की सांगायची गरज नव्हती. तिचे हात माझ्यापेक्षा हलके होते. रोज किती अनोळखी म्हाताऱ्या डोक्यांवरून ते फिरले असतील!

वेणी पूर्ण सुटली तेव्हा कंगव्यात केसांचा मोठा पुंजका आला. वहिनी घाबरली. तिनं तो फोनपुढे धरला. "वन्सं, बघा हो केवढे! माझ्याकडून मोडले का?"

"एकेक करून उजेडात धरा. टोकाला पांढरा ठिपका दिसतो का?"

तिनं खिडकीकडे जाऊन एक केस धरला, मग दुसरा, मग आणखी एक. "दिसतो. ह्याला आहे. ह्यालाही आहे."

"मग ते गळलेले आहेत. आधीच सुटले होते, वेणीत नुसते अडकून राहिले होते. तुमच्याकडून काही मोडलं नाही."

"बघू," आई म्हणाली. तिनं हात पुढे केला, वहिनीनं तिच्या कापऱ्या तळहातावर तो पुंजका ठेवला. आईनं त्यातला एक केस काढून डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला, "गळला."

मग वहिनीनं बाटलीतून थोडं तेल हातावर घेतलं. तिकडे शब्बाथचा दिवा लावायला अजून पुष्कळ अवकाश होता. तिनं केस तीन भागांत वाटले, टाळूपासून मागे घेतले आणि जरा वाकून विचारलं, "तुम्हाला आवडते तशी घट्टच घालू ना, आई?"

"नको, तू सैल घाल," आई म्हणाली. "घट्ट माझी लेक घालते."